'सौम्य बदल' : एका शेऱ्याचा इतिहास

गर्भाशयमुखाच्या पॅप तपासणीच्या अहवालावर 'सौम्य बदल' असा शेरा दिसला की काही जणी हादरतात, तर काही जणी तो कागद कपाटात ठेवून विसरतात. दोन्ही चूकच. या दोन शब्दांचा अर्थ लागायला विज्ञानाला जवळपास अर्धशतक लागलं. ती हकिकत आपण थोडक्यात पाहू.

ग्रीसहून न्यूयॉर्कला आलेले जॉर्ज पापानिकोलाऊ मुळात गिनीपिगच्या ऋतुचक्राचा अभ्यास करत होते. स्त्रियांच्या योनिस्रावात कर्करोगाच्या पेशी ओळखता येतात, हे त्यांनी १९२८ साली मांडलं. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. १९४३ मध्ये हर्बर्ट ट्राउट यांच्यासोबत लिहिलेल्या पुस्तकानंतर मात्र ही तपासणी रुजली.

पापानिकोलाऊंनी पेशींचे पाच वर्ग केले. पहिला निर्धोक, पाचवा निश्चित कर्करोगाचा. घोटाळा मधल्या वर्गांत होता. 'दुसरा वर्ग' म्हणजे एका प्रयोगशाळेत साधी सूज, तर दुसरीत काळजीचं कारण! एकच उत्तरपत्रिका दोन परीक्षकांकडे दिली की काय होतं, हे आपल्याला ठाऊकच आहे.

या पेशी बदलतात कशामुळे? काही पेशींत केंद्रकाभोवती मोकळं कडं दिसतं. ही खूण चामखिळीच्या विषाणूची, असं १९७६ मध्ये कॅनडात माइझेल्स आणि फोर्तँ यांनी दाखवलं. १९८३ मध्ये हाराल्ड त्सुर हाउजेन यांच्या गटाला याच कुळातला 'एचपीव्ही १६' हा विषाणू गर्भाशयमुखाच्या कर्करोगात सापडला. त्यासाठी त्यांना २००८ चं नोबेल मिळालं.

आता चित्र स्पष्ट झालं. १९८८ मध्ये अमेरिकेतील बेथेस्डा इथं तज्ज्ञांनी जुने वर्ग मोडीत काढले आणि बदलांच्या दोन पायऱ्या ठरवल्या : सौम्य आणि तीव्र. सौम्य बदल म्हणजे बहुधा विषाणूचा ताजा संसर्ग. शरीराची प्रतिकारशक्ती तो बहुतेक वेळा एक-दोन वर्षांत परतवून लावते.

किती वेळा? अनेक अभ्यासांची गोळाबेरीज १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. सौम्य बदलांपैकी सुमारे ५७ टक्के आपोआप नाहीसे झाले, ३२ टक्के तसेच राहिले, ११ टक्के तीव्र झाले. कर्करोगापर्यंत पोचले सुमारे १ टक्का. म्हणजे हा शेरा कर्करोगाचं निदान नाही. पण कोणती स्त्री कोणत्या गटात आहे, हे एका काचपट्टीवरून कळत नाही. म्हणूनच ठरल्या वेळी पुन्हा तपासणी, विषाणूची चाचणी किंवा दुर्बिणीतून पाहणी, यांपैकी डॉक्टर सांगतील ते करायलाच हवं.

याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रातला आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातल्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. विषाणूची चाचणी एकदाच करून, गरजेप्रमाणे उपचार दिलेल्या गटात आठ वर्षांतले या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे होते. तुलना होती नेहमीच्याच सोयी मिळालेल्या गटाशी.

शेरा सौम्य असला, तरी पुढची तारीख चुकवायची नाही. तो कागद कपाटात नव्हे, भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी हवा.