पावसाची मुसळे आणि माडावरचे मासे
मराठी बालवाङ्मयातील हवामानाच्या बाता

सप्टेंबर २०२२ मधील गोष्ट. सर्जापूर रस्त्यावरील आमच्या घराच्या सज्जात उभा राहून मी नातीला माझ्या आजीकडून ऐकलेली एक बात सांगत होतो. आमच्या कोकणातल्या गावी एकदा असा पाऊस लागला, की विहिरीतले मासे पावसाच्या धारा धरून वर चढले आणि थेट माडाच्या शेंड्यावर जाऊन बसले. शहाळी उतरवायला चढलेल्या गड्याच्या हाती नारळाऐवजी मरळ मासा लागला! नात हसली नाही. तिने खाली बोट दाखविले. रोज जेथे मोटारींची रांग लागते, तेथून एक ट्रॅक्टर पाणी कापीत चालला होता आणि त्याच्या ट्रॉलीत गळ्यात ओळखपत्रे अडकविलेली, संगणकाच्या पिशव्या छातीशी धरलेली मंडळी दाटीवाटीने उभी होती. "आजोबा, ही पण बातच का?" तिने विचारले.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता हा लेख झाला. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत थोरामोठ्यांचा आणि संस्थांचा इतिहास येईलच. त्याच्या शेजारी बातांच्या इतिहासालाही एक कोपरा मिळावा, एवढीच अपेक्षा.

अतिशयोक्तीला आपली भाषा कधीच लाजली नाही. पाऊस 'मुसळधार' म्हणताना आभाळातून मुसळे पडत असल्याचे चित्र आपण रंगवीत असतो. उन्हात आपल्या अंगाची लाही लाही होते. स्वाती पडली तर माणिक-मोती पिकतील, ही म्हण कोणा बाताड्याची नव्हे, शेतकऱ्यांची आहे. पंचांगाने तर पावसाच्या नक्षत्रांना चक्क वाहने देऊन ठेवली आहेत. एखादे नक्षत्र हत्तीवर, म्हशीवर किंवा बेडकावर बसून आले की भरपूर पाऊस. कोल्ह्यावर वा मेंढ्यावर आले की शेतकऱ्याच्या कपाळाला आठ्या. त्यातही पुनर्वसूचा पाऊस 'तरणा' आणि पुष्याचा 'म्हातारा'. हस्त नक्षत्र लागले की पाटावर हत्ती काढून मुली भोंडल्याचा फेर धरीत. एखाद्या चित्रकाराने हे सारे जसेच्या तसे कागदावर उतरविले, तर मुलांसाठी निराळे चित्रपुस्तक रचण्याचे कारणच उरणार नाही.

गोष्टीही जुन्याच. कावळ्याचे शेणाचे घर पावसात वाहून गेले आणि मेणाचे घर तरले, ही प्रत्येक मराठी मुलाची पहिली गोष्ट तेराव्या शतकातील महानुभावांच्या 'लीळाचरित्रा'त आढळते. पाठीवर पान पडताच 'आभाळ पडले' म्हणून धावत सुटलेल्या सशाचे मूळ तर त्याहूनही मागे, बौद्धांच्या जातककथांत आहे. तेथे पानाऐवजी बेलफळ पडते आणि सशाला धरणी दुभंगल्याचा भास होतो. सारे रान त्याच्यामागे पळत सुटते आणि अखेर सिंहच चौकशी करतो, की हे प्रत्यक्ष पाहिले कोणी?

तोंडी परंपरा एवढी समृद्ध असता छापील पुस्तकांत मात्र बातांना जागा उशिरा मिळाली. मराठीतील आरंभीच्या मुद्रित बालपुस्तकांपैकी एक महाराष्ट्रात नव्हे, तंजावरात सिद्ध झाले, ही गोष्ट आपल्यासारख्या दूरस्थांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सरफोजी राजांनी इसापाच्या गोष्टी 'बालबोधमुक्तावली' या नावाने मराठीत आणविल्या. सरफोजी हे व्यंकोजीराजांचे वंशज आणि व्यंकोजी तंजावरास गेले ते शहाजीराजांच्या या बंगळूरच्या जहागिरीतून. म्हणजे त्या पुस्तकाची वाट एका अर्थी आपल्या दारावरूनच गेली आहे. पण त्याच्या नावातला 'बोध' पुढे शंभर वर्षे मुलांच्या पुस्तकांवर पहारा देत राहिला. विनायक कोंडदेव ओकांचे 'बालबोध' मासिक १८८१ साली निघाले, वासुदेव गोविंद आपट्यांचे 'आनंद' १९०६ साली. दोघांचेही उपकार मोठे. तथापि ज्ञान आणि सद्वर्तन यांचा मान पहिला आणि निखळ गमतीचा नंतरचा, असाच तो काळ होता.

तो पहारा खऱ्या अर्थाने उठला तो विंदा करंदीकरांच्या 'राणीची बाग' (१९६१) आणि 'एटू लोकांचा देश' (१९६३) यांसारख्या बालकवितासंग्रहांतून. तर्काला उलटे टांगण्याची मुभा मराठी मुलांना तेथे उघडपणे मिळाली. १९७१ साली 'बालभारती'ने सुरू केलेल्या 'किशोर'ने चित्र आणि मजकूर यांची सांगड स्वस्तात घरोघरी पोहोचविली. २००४ साली 'प्रथम बुक्स' ही संस्था याच बंगळुरात उभी राहिली. तिची मराठी चित्रपुस्तके आज सर्जापूर रस्त्यावरचे मूलही वाचू शकते.

इतर देशांच्या बाता पाहिल्या की एक गोष्ट ध्यानात येते. थंड देशांतली बात गोठण्याची असते. हिवाळ्यात बोललेले शब्द हवेतच गोठले आणि उन्हाळ्यात ऐकू आले, हा विनोद प्राचीन ग्रीकांचा. १७८५ साली इंग्रजीत छापल्या गेलेल्या बॅरन मुंचहाउझनच्या बातांत स्वार बर्फातल्या खुंटाला घोडा बांधतो. बर्फ वितळल्यावर पाहतो, तर घोडा चर्चच्या मनोऱ्यावर लोंबकळत आहे! अमेरिकेत ज्युडी बॅरेट यांनी १९७८ सालच्या चित्रपुस्तकात आभाळातून दिवसाकाठी तीन वेळा जेवण पाडले. पुढे पुढे घास एवढे मोठे पडू लागले, की लोकांना गाव सोडावे लागले. आपल्या बातांत मात्र पाऊसच पाऊस. ज्याची भीती वाटते, त्याचीच माणूस बात करतो. अंधारात घाबरलेले मूल आजीच्या माशांना हसते, तेव्हा बाहेरचा पाऊस कमी होत नाही. पण मुलाच्या मनातला पाऊस मात्र निश्चितच ओसरतो.

येथेच बात आणि अफवा यांतला भेद आहे. बातीत सांगणारा आणि ऐकणारा, दोघांनाही खरे काय ते ठाऊक असते. अफवेत ते कोणालाच ठाऊक नसते. सशाने पसरविली ती अफवा. आजीने सांगितली ती बात. म्हणून बातीला वास्तवाचे माप ठाऊक असावे लागते. ते माप हरवले, तर हसू उमटत नाही.

सर्जापूर रस्त्यावर नेमके तेच घडत आहे. ४ आणि ५ सप्टेंबर २०२२ च्या दरम्यान शहरात चोवीस तासांत १३१.६ मिलिमीटर पाऊस झाला. आमच्या कोकणात याहून मोठे पाऊस पडतात आणि ओहोळांवाटे समुद्राला मिळतात. येथे पूर्वी एका तळ्याचे पाणी 'राजकालुवे' म्हणजे मोठ्या नाल्यांतून खालच्या तळ्यात जाई. नाले अरुंद झाले, सखल जागी वसाहती उठल्या आणि पाणी आपल्या जुन्याच वाटेने आले तेव्हा तेथे लोकांची घरे होती. जवळच्या बेळ्ळंदूर तळ्याचा फेस रस्त्यावर बर्फासारखा उडाला आणि २०१५, २०१७ व २०१८ साली तळ्यावर आगही दिसली. पाणी पेटले, ही बात आजीनेसुद्धा सांगितली नसती. सांगितली असती, तर आम्ही तिला थापाडी म्हटले असते. सुदैवाने याच रस्त्यावरील कैकोंड्रहळ्ळीचे तळे नागरिकांच्या सहभागाने पुन्हा जिवंत झालेले आपण पाहतो. मुलांना तेथे अवश्य न्यावे. पाणी शहाण्यासारखे वागते तेव्हा कसे दिसते, हे पाहिल्याशिवाय त्याने केलेला वेडेपणा गमतीचा वाटणार कसा?

म्हणून मंडळातील कुटुंबांना एक विनंती. आपल्या आजी-आजोबांच्या पाऊस, गारा, ऊन, वावटळ यांच्या बाता त्यांच्याच बोलीत उतरवून घ्याव्यात. वऱ्हाडातले ऊन, घाटमाथ्यावरचे धुके, मराठवाड्यातली पावसाची वाट यांची बात त्या त्या घरातच मिळेल. चित्रे मुलांनी काढावीत. नातवंडे मराठी वाचायला कंटाळतात, ही तक्रार आपण प्रत्येक सभेत ऐकतो. थाप पकडण्यासाठी मात्र ती प्रत्येक शब्द कान देऊन ऐकतात, हा माझा घरचा अनुभव आहे.

नातीला मी त्या दिवशी खरे तेच सांगितले. ट्रॅक्टर ही बात नाही. तळ्याची वाट अडविल्याने पाणी रस्त्यावर आले आहे. तिने ते नीट ऐकून घेतले. चार दिवसांनी पाणी उतरल्यावर तिने मला वहीतले चित्र दाखविले. ट्रॅक्टरला कल्ले फुटले होते, चालक पाण्याखाली बसून शिंकत होता आणि ट्रॉलीतले मासे गळ्यात ओळखपत्रे घालून कामावर निघाले होते. माडाच्या शेंड्यावर एक म्हातारी बसलेली होती. ती कोण, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "तुमची आजी. मासे मोजते आहे."