शाळेची किल्ली कोणाकडे?

वाचकहो, पुलगावचा दारूगोळ्याचा डेपो ठाऊक नाही, असा माणूस आपल्या देवळी तालुक्यात सापडायचा नाही. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्र उलटल्यावर तेथील एका कोठारास आग लागली आणि स्फोट सुरू झाले. आग विझवावयास धावलेले जवान व अधिकारी कामी आले. आगरगाव, नागझरी अशा लगतच्या गावांतील मंडळींना भर रात्री घरे सोडावी लागली. शाळांना तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी होती.

आता मागे चला. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून किल्लारीची माणसे नुकती कुठे निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या आणि त्या परिसरात सुमारे आठ हजार माणसे गेली. त्याही वेळी शाळेला कुलूपच होते.

मग शाळेचा याच्याशी संबंध काय, असे कोणी म्हणेल. संबंध आहे, पण तो पाहण्याआधी नियम कोठून आले ते पाहू. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूत कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातली ठिणगी गवती छपराला लागली, नि ९४ लेकरे होरपळून मेली. या प्रकरणानंतर सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली प्रत्येक शाळेत आगीपासून बचावाची साधने व शिक्षकांना तालीम असावी, असा आदेश दिला. २०१६ साली, म्हणजे पुलगावच्याच वर्षी, राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने शालेय सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. शाळा भरलेली असताना घंटा वाजवून मुलांना मैदानात आणणे, हजेरीपटावरून मोजणे, हे सारे उत्तमच. ते व्हावे.

पण किल्लारी काय नि पुलगाव काय, घाला रात्री पडला. त्या वेळी गुरुजी आपल्या घरी, मुले आपल्या घरी. तालमीचा उपयोग व्हायचा तर तो पोराच्या तोंडून आजीपर्यंत पोहोचलेला असला पाहिजे. कोणत्या वाटेने निघायचे, म्हातारीला कोण उचलणार, जनावरांचे दावे कोण सोडणार, एवढे तरी घराघरांत ठरलेले हवे. वर्गात कागदावर गावाचा नकाशा काढायला लावा. मुलांना गावातले बोळ आपल्याहून अधिक ठाऊक असतात!

आणि दुसरे असे की, बहुतेक खेड्यांत शाळेएवढे मोकळे आवार नि पक्की खोली दुसरीकडे नसते. पुरात, आगीत माणसे तिकडेच वळतात. तेव्हा गुरुजी, रात्री दोन वाजता शाळेची किल्ली कोणाकडे असते? आपण मुक्कामी वर्ध्याला असाल, तर गावातल्या दोन घरांची नावे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर आजच लिहून ठेवा.