स्नायूंची साक्ष

अंधारांत आपला हात कोठें आहे, हें आपणांस कोण सांगतें? मेंदूनें आज्ञा दिली म्हणजे त्यास तें आपोआप ठाऊक असतें, असें एक मत होतें. उलट, स्नायूंकडूनही मेंदूकडे वर्दी जाते, असें चार्ल्स बेल या शल्यवैद्यानें १८२६ मध्यें प्रतिपादिलें. एका मातेची हकीकत त्यानें नमूद केली आहे. तिच्या एका हातांत बळ होतें, पण संवेदना नव्हती. मुलाकडे दृष्टि असेपर्यंत ती त्यास उराशीं धरी. नजर वळतांच हात सैल पडे आणि मूल पडण्याच्या बेतास येई.

ही वर्दी देणारा कोण, याचा शोध मात्र रेंगाळला. स्नायूंत दडलेल्या सूक्ष्म अवयवांस क्यूने यानें १८६३ मध्यें चातीचें नांव दिलें. पण ती नव्या स्नायुतंतूंची वाढ आहे, असें कित्येक म्हणत. १८९४ मध्यें शेरिंग्टन यानें चालक मज्जातंतूंचीं मुळें तोडून पाहिलीं. ते तंतू झडले, तरी चातींतील जाड तंतू शाबूत राहिले. अर्थात् ते संवेदनेचे होते. चाती स्नायूचा ताण कळविते, तर गोल्जीनें वर्णिलेलें कंडरेंतील इंद्रिय ओढीचा जोर कळवितें, हा भेद ब्रायन मॅथ्यूज यानें १९३३ मध्यें मांजरावरील प्रयोगांनीं स्पष्ट केला.

त्याचाच पुत्र पीटर व त्याचे दोन सहकारी यांनीं १९७२ मध्यें दंडाच्या कंडरेस कंप दिला, तेव्हां कोपर आहे त्याहून अधिक सरळ झाल्याचा भास लोकांस झाला. स्नायूंची साक्ष खोटी असली तरी मन ती खरी मानतें. ती साक्षच नाहींशी झाली म्हणजे, त्या मातेप्रमाणें, डोळ्यांचाच काय तो आधार उरतो.