पोराचा राग कसा मोजावा : काही प्रश्नांचा मागोवा

दसऱ्याच्या आसपास बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा भागातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि पाडव्याच्या पुढेमागे परततात. मधल्या पाच-सहा महिन्यांत मागे राहिलेला तेरा-चौदा वर्षांचा पोरगा आजीवर खेकसतो, ताट भिरकावतो, वर्गात मारामारीवर येतो. कुणी म्हणतं, वयच तसलंय. कुणी म्हणतं, बाहेरचं बघा. शाळेत त्याच्यावर ‘वाया गेला’चा शिक्का बसतो. दवाखान्यात नेलंच, तर काही ठरावीक प्रश्न विचारले जातात : भडका आठवड्यातून किती वेळा उडतो? दोन भडक्यांच्या मधे पोरगा कसा असतो? किती महिने चाललंय? घरीच, की शाळेतही? या प्रश्नांमागे चुकलेल्या निदानांचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

चरकसंहितेने क्रोधाला लोभ, शोक, भय यांच्यासोबत आवरून धरायच्या वेगांमध्ये बसवलं. आपल्या घरांत आजही रागाकडे असंच पाहिलं जातं : आवरला तर संस्कार, नाही आवरला तर संस्कारांची कमी. १९०४ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांनी किशोरवयावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला आणि हे वय वादळाचंच असतं, ही समजूत जगभर रुजली. तिने मुलांना सहानुभूती मिळवून दिली. पण ‘वय सरलं की निवळेल’ ही पळवाटही मोठ्यांच्या हाती दिली.

पुढचं पाऊल पडलं ते बालन्यायालयांच्या आवारात. १९०९ मध्ये शिकागोत विल्यम हीली यांनी गुन्ह्यात सापडलेल्या मुलांची घर, शाळा, शरीर, मन अशी सगळ्या बाजूंनी तपासणी सुरू केली. मुंबई प्रांतात १९२४ साली मुलांसाठी कायदा झाला. मुंबईतच १९३६ मध्ये टाटांची समाजकार्याची संस्था उभी राहिली आणि १९३७ मध्ये तिथे बालमार्गदर्शन केंद्र सुरू झालं. मुलाबरोबर त्याच्या घराचीही विचारपूस करायची पद्धत महाराष्ट्रात आली ती अशी. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. ही वाट इथवर यायला पुढे कित्येक दशकं लागली.

१९६४-६५ मध्ये इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांबद्दल पालकांना आणि शिक्षकांनाही प्रश्नावल्या दिल्या. दोघांनी बोट ठेवलेली मुलं बरीचशी वेगवेगळी निघाली. एकाच माणसाला विचारून निकाल देऊ नये, हा धडा तिथून मिळाला. हीच मुलं चौदा-पंधरा वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहिली, तेव्हा बहुतेकांचं आईबापांशी बरं चाललं होतं. म्हणजे कायमची चिडचीड वयाच्या खात्यावर टाकून मोकळं होता येत नाही.

सगळ्यात महागात पडलेली चूक अलीकडची. १९९०च्या दशकात अमेरिकेत सतत चिडणाऱ्या मुलांना ‘बायपोलर’ ठरवण्याची लाट आली. १९९४-९५ ते २००२-०३ या काळात मुलांच्या बाबतीत या निदानासाठी होणाऱ्या बाह्यरुग्ण भेटी सुमारे चाळीसपट झाल्या आणि त्यासोबत जड औषधंही आली. २००३ मध्ये एलन लीबनलुफ्त यांनी वेगळा मुद्दा मांडला : चिडचीड टप्प्याटप्प्याने येते, की अखंड असते, हे आधी पाहा. अखंड चिडणाऱ्या मुलांचा पाठपुरावा केल्यावर दिसलं की त्यांची पुढची वाट बायपोलरपेक्षा नैराश्याकडे आणि चिंतेकडे जास्त जाते. २०१२ मध्ये चिडचीड मोजणारी सात प्रश्नांची एक छोटी मापनपट्टी आली; ती मागच्या सहा महिन्यांबद्दल विचारते. २०१३ च्या अमेरिकी निदानग्रंथाने अशा अखंड चिडचिडीला वेगळा विकार मानून निकष घातले : आठवड्यातून सरासरी तीन किंवा अधिक भडके, एरवीही जवळपास रोज चिडका मूड, हे सारं किमान बारा महिने, मधे सलग तीन महिने सुटका नाही, आणि घर, शाळा, सवंगडी यांपैकी किमान दोन ठिकाणी.

आता हे निकष बीडच्या वर्षावर ठेवून पाहा. मागचे सहा महिने म्हणजे नेमका एक हंगाम. पाडव्याला विचारलं तर एक मुलगा दिसेल, दसऱ्याला विचारलं तर दुसराच. आईबाप गावी असताना तो तीन-चार महिने शांत राहत असेल, तर निकषांनुसार हा विकार ठरत नाही. ते योग्यच आहे, कारण त्याच्या रागाचं मूळ ताटातुटीत आहे. पण ही शांतता कुणी नोंदवलीच नाही, तर त्याला नसलेला आजार चिकटेल, नाहीतर असलेलं दुःख दिसायचं राहील. शिवाय सांगणार कोण? आई फडात, बाप फडात. जे मूल त्यांच्यासोबत जातं, त्याचं घर म्हणजे कारखान्याजवळची कोप आणि शाळा अर्ध्यात सुटलेली.

मुलींचं आणखी वेगळं. त्यांचा राग दवाखान्यापर्यंत पोचतच नाही. ‘लग्न लावून द्या, शांत होईल’ हा तोडगा आधी निघतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमधल्या २० ते २४ वयाच्या सुमारे ४४ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. मुलगी चिडते तेव्हा घरात स्थळाची बोलणी चालू आहेत का, हे विचारणं तपासणीचाच भाग आहे. झोप, रक्तातलं हिमोग्लोबिन, फिट येण्याचा इतिहास, तंबाखू, घरातली मारहाण आणि जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार यांची विचारपूसही तितकीच गरजेची.

विचारायला माणसं आहेत. २०१४ पासूनच्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातली ‘मैत्री’ क्लिनिकं आहेत, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे. गावात आशाताई आहेत. त्यांच्या हातातल्या कागदावर बीडने आपले तीन प्रश्न वाढवायला हवेत : या वर्षी आईबाप कधी गेले आणि कधी आले? तेव्हा मूल कुणाजवळ होतं? ते परतल्यावर राग कमी झाला का? उत्तर आजीकडून, हंगामी वसतिगृहात सांभाळणाऱ्या बाईकडून आणि गुरुजींकडून घ्यावं, मुलाला एकट्याला बसवून त्याच्याकडूनही घ्यावं, आणि वर्षातून दोनदा घ्यावं. शिकागो, मुंबई, आइल ऑफ वाइट, प्रत्येक ठिकाणाने या तपासणीत काही ना काही भर घातली. उसाच्या हंगामाचा हिशेब तिच्यात घालण्याचं काम बीडचंच आहे, कारण तो हंगाम भोगणारी मुलं इथली आहेत.