व्यंगवाचक शब्द व त्यांचे पर्याय

शारीरिक वा मानसिक व्यंग दर्शविणारा शब्द निंदेसाठी, थट्टेसाठी किंवा भलत्याच दोषाची उपमा म्हणून वापरण्याची सवय आणि तिला शोधलेले पर्याय. या विषयाचे दोन भाग पडतात : अपंग व्यक्तीला काय म्हणावे, आणि तिचे व्यंग इतरांच्या बोलण्यात कुठेकुठे वेठीला धरले जाते. सरकारी खटाटोप मुख्यतः पहिल्या भागापुरता. रोजचा उपद्रव दुसऱ्याचा.

व्यक्तिवाचक शब्द : ‘पंगू’, ‘लुळा-पांगळा’ यांच्या जागी ‘अपंग’ व ‘विकलांग’ रुळले. २७ डिसेंबर २०१५ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘दिव्यांग’ सुचवला आणि तो महाराष्ट्राच्या सरकारी कागदांवरही आला. अपंग हक्क चळवळीतल्या अनेकांना तो खटकतो : दिव्यत्व राहू द्या, इमारतीला रॅम्प करा. ‘अंध’ हा सरळ शब्द मात्र टिकून आहे आणि त्यात वावगे काही नाही. ‘मूकबधिर’पेक्षा ‘कर्णबधिर’ योग्य. ऐकू न येणाऱ्याला आवाज असतो आणि त्याची खुणांची भाषा ही पूर्ण भाषा असते. ‘मतिमंद’ शाळेच्या पाटीवरून मुलांच्या शिव्यांत उतरला. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यानंतर ‘बौद्धिक अक्षमता’ हा प्रयोग रूढ होत आहे. बाबा आमटे यांच्या वरोऱ्याच्या संस्थेचे नाव ‘महारोगी सेवा समिती’ आहे. ते त्या काळाचे नाव, तसेच राहावे. बोलताना मात्र ‘कुष्ठरुग्ण’ म्हणावे, आणि बरा झालेल्याला तेही म्हणू नये.

उपमा व शिव्या : धक्का लागला की ‘आंधळा आहेस का?’, हाक ऐकली नाही की ‘ठार बहिरा’. येथे प्रतिशब्द शोधून भागत नाही, आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे ते ठरवावे लागते. ‘लंगडी सबब’ म्हणजे न पटणारी सबब. ‘पंगू प्रशासन’ म्हणजे जागा रिकाम्या असलेले, की निर्णय टाळणारे? बातमीदाराने तेच लिहिले तर बातमीही सुधारते. ‘आंधळा विश्वास’ऐवजी ‘डोळे झाकून ठेवलेला विश्वास’ अधिक खरा, कारण डोळे झाकणाऱ्याला दिसत असते. ‘सरकार बहिरे आहे’ यापेक्षा ‘सरकारने कानांवर हात ठेवले’ झोंबते, कारण त्यात दोष करणाऱ्याच्या पदरी पडतो.

मानसिक आजाराबाबत भाषा सर्वांत बेफिकीर आहे. पुण्याकडे ‘याला येरवड्याला पाठवा’, मुंबईकडे ‘ठाण्याला भरती करा’ हे विनोद तेथील मनोरुग्णालयांमुळे झाले, आणि उपचारांना जाणाऱ्याचे पाय त्यांनीच अडखळतात. ‘वेडा झालास का?’ऐवजी ‘काहीतरीच काय!’ हा घरगुती पर्याय तयारच आहे. ‘क्रिकेटवेडा’, ‘वेडी माया’ यांबाबत एकमत नाही. कोणाला उद्देशून हिणवले जात नसल्याने ते टाकण्याची निकड दिसत नाही. ‘मुका मार’ तर निव्वळ वर्णन आहे.

म्हणी व जुने साहित्य : ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ किंवा ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’ अशा म्हणी कोशातून काढण्याचे कारण नाही, ज्याच्यासमोर म्हणायची तो कोण, एवढे पाहिले तरी पुरे. एकनाथांच्या भारुडांत आंधळा, बहिरा, मुका, पांगळा ही सोंगे येतात. तेथे व्यंग हे परमार्थाचे रूपक असते, हेटाळणीचा विषय नसतो.

न्यायालयीन भूमिका : ‘आँख मिचोली’ या हिंदी चित्रपटाविरुद्धच्या याचिकेवर ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. हिणवणारे शब्द टाळावेत, अपंगांना केवळ दुर्दैवी ‘पीडित’ म्हणून रंगवू नये, असे त्यात सांगितले. विनोदावर मात्र सरसकट बंदी घातली नाही : अपंगत्व समजून घ्यायला लावणारा विनोद वेगळा आणि अपंगाला खाली ओढणारा वेगळा, असा भेद न्यायालयाने केला.