ध्रुवीय अस्वल आणि आत्मरक्षणाची बंदूक (स्वालबार्ड)

नॉर्वेच्या ताब्यातील स्वालबार्ड द्वीपसमूहात वस्तीबाहेर जाणाऱ्या माणसाकडे बहुधा रायफल असते. ती शिकारीसाठी नसते. पूर्वी इथले शिकारी आमिष लावलेल्या पेटीत बंदूक बांधून ठेवत आणि आमिष ओढणारे अस्वल आपल्याच ओढीने गोळी खात असे. १९७३ मध्ये शिकारीवर बंदी आली. त्याच वर्षी ओस्लो येथे ध्रुवीय अस्वले आढळणाऱ्या पाच देशांनी त्यांच्या संरक्षणाचा करार केला. आज स्वालबार्डच्या पर्यावरण कायद्यानुसार अस्वलाचा पाठलाग करणे, त्याला आमिष दाखवणे किंवा मुद्दाम त्याच्याजवळ जाणे हा गुन्हा आहे. वस्तीबाहेर जाणाऱ्याने अस्वलाला पळवून लावण्याची साधने जवळ बाळगणे मात्र बंधनकारक आहे आणि बंदूकही घ्यावी, अशी प्रशासनाची शिफारस आहे. अस्वल मारले गेलेच, तर गव्हर्नरचे कार्यालय त्या प्रत्येक प्रसंगाची चौकशी करते. संरक्षित प्राण्याच्या प्रदेशात बंदूक बाळगू देणे वरवर विसंगत वाटते. पण बंदूक जवळ असावी आणि ती झाडावी लागल्यास त्याचा जाब द्यावा, या दोन्ही गोष्टी एकत्र असल्यामुळेच ही व्यवस्था टिकली आहे.

बंदुकीवर किती विसंबावे, हे २०११ च्या दुर्घटनेवरून कळते. फोन पोस्ट हिमनदीजवळ तरुणांच्या एका ब्रिटिश मोहिमेच्या तळावर उपाशी अस्वल शिरले. तळाभोवती लावलेल्या तारेचा इशारा वाजला नाही. रायफल हाती आली, पण सुरुवातीला तिच्यातून गोळीच सुटेना. काडतुसे न उडताच बाहेर पडली. अस्वल मारले जाण्यापूर्वी एका मुलाचा जीव गेला आणि चौघे जखमी झाले. बंदूक होती; पण तिच्या आधीच्या पहाऱ्याची आणि हाताच्या सरावाची कडी तुटली होती. अलास्कातील अस्वलांच्या २६९ घटनांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचा निष्कर्षही असाच आहे. बंदूक वापरणारे आणि न वापरणारे यांना झालेल्या इजांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही. जनावर अंगावर येत असताना नेम धरायला मिळणारा वेळ फार थोडा असतो. म्हणून भार आधीच्या उपायांवरच हवा. अन्न आणि कचरा बंदिस्त ठेवणे, आळीपाळीने पहारा देणे, दूर असतानाच अस्वल हेरून वाट बदलणे आणि ते जवळ येऊ लागल्यास सिग्नल-पिस्तुलाने आवाज व प्रकाश करणे, हे ते उपाय. न्यी-ओलेसुंद येथे २००८ पासून भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र आहे. तेथील इमारतींची दारे कुलूपबंद करत नाहीत, कारण अस्वल दिसल्यास जवळच्या कोणत्याही घरात शिरता यायला हवे.

मग बंदूक हवीच कशाला, हा आक्षेप उरतो. हाती शस्त्र असले की माणूस धीट होतो आणि नको तिथे जातो, हेही खरे आहे. मिरचीच्या फवाऱ्याने अलास्कात चांगले काम केले आहे. परंतु कडाक्याच्या थंडीत डब्यातील दाब कमी होतो आणि समोरून वारा असला की फवारा उलटतो. शिवाय सपाट हिमप्रदेशात चढायला झाड नसते आणि मदत यायला तास लागतात. भुकेले अस्वल आवाजाला आणि प्रकाशाला दाद देत नाही, तेव्हा दुसरे साधन उरत नाही. धीट होण्याच्या धोक्यावर उतारा बंदूक काढून घेणे हा नव्हे, तर अंतराचा नियम कडक करणे हा आहे. २०२५ पासून स्वालबार्डमध्ये अस्वलापासून किमान ३०० मीटर आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर दूर राहावे लागते.

बंदूक हा शेवटचा उपाय, हाच तर्क भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आहे. माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेला वाघ किंवा बिबट्या पकडता, बेशुद्ध करता किंवा अन्यत्र हलवता येत नाही, अशी खात्री झाल्यावरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याचा आदेश देऊ शकतो. सद्हेतूने केलेला स्वसंरक्षणाचा वारही कलम ११ नुसार गुन्हा ठरत नाही.