घाईत जन्मलेला मथळा

‘मथळा’ हा शब्द माथ्यावरून आलेला. पण वृत्तपत्रांच्या इतिहासात आपण जितके मागे जातो, तितकी बिनमाथ्याची बातमीपत्रे भेटू लागतात. १६६५ साली सुरू झालेल्या ‘लंडन गॅझेट’मध्ये बातमीच्या डोक्यावर गावाचे नाव आणि तारीख असे, बस. पुढे लढाई आहे की लग्न, हे वाचकाने वाचून ठरवायचे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ काढले, एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्यात मराठी. ३ नोव्हेंबर १८३८ रोजी ‘बॉम्बे टाइम्स’ निघाले, तेच पुढचे ‘टाइम्स ऑफ इंडिया’. विलायतेची बातमी तेव्हा बोटीने यायची. जी आधीच शिळी झालेली, तिच्यासाठी ओरडायचे कशाला? लंडनच्या ‘टाइम्स’ने तर ३ मे १९६६ पर्यंत पहिले पान छोट्या जाहिरातींना दिले होते. जगात काय उलथापालथ झाली हे कळायला आधी नोकरचाकर हवे असणाऱ्यांचे स्तंभ ओलांडावे लागत.

बातमीला वेग आला तो तारयंत्राने. १८४४ मध्ये वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला पहिली तार गेली आणि दोन दशकांत अमेरिकेच्या यादवी युद्धाने वाचकाला रोजच्या बातमीची चटक लावली. मथळा तेव्हा जन्मला, पण लांबच लांब आणि अरुंद. १५ एप्रिल १८६५ चा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ पाहिला, तर लिंकनवरील गोळीबाराची बातमी ‘भयंकर घटना’ अशा मथळ्याने सुरू होते आणि त्याखाली एकाखाली एक उपमथळ्यांची शिडी उतरत जाते, सगळी एकाच स्तंभात. हा संकोच सभ्यतेचा नव्हता, यंत्राचा होता. रिचर्ड हो यांनी १८४७ मध्ये प्रचारात आणलेल्या छपाईयंत्रात खिळे थेट फिरत्या रुळावर बसवलेले असत. ते गरगरताना उडू नयेत म्हणून दोन स्तंभांच्या मध्ये पाचरीसारख्या उभ्या पट्ट्या ठोकलेल्या. मथळा दोन स्तंभांवर पसरवायचा तर पट्टी काढावी लागणार, आणि पट्टी काढली तर खिळे उधळणार! पुढे सुट्या खिळ्यांच्या जागी अखंड ओतीव पत्रे आले, पट्ट्यांचे बंधन सुटले आणि १८९८ च्या अमेरिका-स्पेन युद्धात हर्स्ट आणि पुलित्झर यांच्या पत्रांनी मथळा पानभर ताणला.

आपल्याकडे मात्र मथळ्याने वेगळीच वाट धरली. तो बातमीपेक्षा अग्रलेखावर शोभला. ६ जुलै १८९७ च्या ‘केसरी’तला ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा मथळा ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा आणि त्याखालचा अग्रलेख पुरता वाचलेला माणूस त्याहून विरळा. धडापेक्षा माथा दीर्घायुषी ठरल्याचे इतके चोख उदाहरण दुसरे आठवत नाही.

पानभर मथळ्याची खोड अशी, की तो बातमी पुरी होण्याची वाट पाहत नाही. १५ एप्रिल १९१२ रोजी न्यूयॉर्कच्या ‘इव्हनिंग सन’ने ‘टायटॅनिक’वरचे सगळे वाचल्याचे छापले. जहाज पहाटेच बुडाले होते आणि सुमारे दीड हजार माणसे गेली होती. अर्धवट बिनतारी संदेशांच्या गुंत्यातून ही ‘आनंदवार्ता’ निपजली होती. त्यावर हसवत नाही. मनमोकळे हसायचे, तर ३ नोव्हेंबर १९४८ चा ‘शिकागो डेली ट्रिब्यून’ उघडावा.

तारीख पाहिलीत? ‘बॉम्बे टाइम्स’च्या जन्मापासून बरोबर एकशे दहा वर्षे. आदल्या दिवशी अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक झालेली. जुळाऱ्यांचा संप जवळजवळ वर्षभर चाललेला, त्यामुळे मजकूर टंकयंत्रावर बडवून, पानावर चिकटवून, त्याचे ठसे करून छापावा लागे. त्यात तास मोडत, म्हणून पहिली आवृत्ती मते मोजून होण्याआधीच सोडावी लागली. जनमताचा कौल घेणाऱ्या गॅलपसाहेबांनी चाचण्या ऑक्टोबरमध्येच थांबवलेल्या, कारण डेमोक्रॅट अध्यक्ष ट्रूमन जाणार आणि रिपब्लिकन ड्यूई येणार हे सर्वांनी धरून चाललेले. वॉशिंग्टनचे वार्ताहर आर्थर सिअर्स हेनिंग यांनीही तोच कौल दिला. बाजारात तुरी असताना मथळा पडला : ‘ड्यूईने ट्रूमनना हरवले’. अंक निघाले सुमारे दीड लाख.

या पानाकडे जरा निवांत पाहू. ठळक मथळा चूक. त्याखाली ‘राज्यात रिपब्लिकन लाटेची चिन्हे’. तिथे गव्हर्नर झाले डेमोक्रॅट अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन, तेही प्रचंड मताधिक्याने. शेजारी ‘सुरुवातीच्या मोजणीत सिनेटमध्ये रिपब्लिकनांची सरशी’. सिनेट डेमोक्रॅटांनी जिंकले. ‘शहरात बॉइल आघाडीवर’ एवढे खरे निघाले. बॉइल सरकारी वकिलाच्या जागेसाठी उभे होते, आणि पक्ष कोणता? डेमोक्रॅटिक. भरीला मजकुराच्या काही ओळी चक्क उलट्या चिकटल्या होत्या. मुद्राराक्षसाला आपण उगीच नावे ठेवतो. त्या रात्री खिळे नव्हते, जुळारी नव्हते, तरी तो हजर होता. सकाळपर्यंत ट्रूमनना ३०३ आणि ड्यूईंना १८९ प्रतिनिधी-मते पडल्याचे स्पष्ट झाले आणि पत्राची माणसे स्टॉलवरचे अंक परत गोळा करत हिंडू लागली.

एक अंक सेंट लुईसच्या स्थानकात ट्रूमन यांच्या हाती पडला. आगगाडीच्या मागच्या सज्जात उभे राहून, दोन्ही हातांनी तो डोक्याच्या उंचीवर धरून ते कॅमेऱ्यांपुढे मनसोक्त हसले. ज्या पत्राने त्यांची वर्षानुवर्षे हेटाळणी केली, त्याचीच अशी फुकट जाहिरात!

आज मथळा हातातल्या मोबाइलवर येतो आणि पहिला चहा संपेपर्यंत तीनदा कूस बदलतो. ‘आघाडीवर’चे ‘पिछाडीवर’ होते, मधल्या आवृत्तीचा मागमूस उरत नाही, स्टॉलवर कुणाला धाडावे लागत नाही. शिकागोच्या त्या पत्राला ही सोय नव्हती. उरलेसुरले अंक लोकांनी जपून ठेवले आणि पत्रानेही अखेर आपली चूक मिरवायचे ठरवले. निवडणुकीला पंचवीस वर्षे होतील तेव्हा तो मथळा कोरलेला फलक ट्रूमन यांना भेट द्यायचा, असा बेत होता. पण २६ डिसेंबर १९७२ रोजी ट्रूमन वारले. या खेपेला ‘ट्रिब्यून’ला उशीर झाला.